जुनी फॅमिली एसयूव्ही घेताय? ब्रँडच्या आधी वर्ष निवडा

सेकंडहँड गाडी शोधायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “एक्सयूव्ही ५०० घ्यावी का?” किंवा “क्रेटा बरी की डस्टर?” उत्तर देणारेही चिक्कार भेटतात. एक जण सांगतो, आमच्या मेव्हण्याची दीड लाख पळाली, साधा बल्ब बदलला नाही. दुसरा सांगतो, चुकूनही घेऊ नका, आमची सारखी गॅरेजला असायची. दोघंही खरं बोलत असतात. एकाची गाडी २०१७ ची असते आणि दुसऱ्याची २०१२ ची, एवढाच फरक.

एकाच नावाची गाडी आठ-दहा वर्षं विकली जाते. त्या काळात तिचं इंजिन बदलतं, गिअरबॉक्स बदलतो, वायरिंग बदलतं, पार्ट पुरवणारे बदलतात, सरकारी नियमही बदलतात. त्यामुळे “ही गाडी चांगली का” हा प्रश्न अर्धवट आहे. “ह्या गाडीचं कोणतं वर्ष चांगलं” असं विचारलं की उत्तर मिळायला लागतं. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाचे सहा-आठ लाख म्हणजे अनेक वर्षांची बचत असते. ती चुकीच्या वर्षात अडकू नये म्हणून काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: आपलं रनिंग लिहून काढा

गाडी बघायला जाण्याआधी कागदावर लिहा: महिन्याला किती किलोमीटर, त्यातले हायवेचे किती, एका वेळचा प्रवास किती लांबीचा. मुलांची शाळा, ऑफिस, भाजी, महिन्यातून एकदा गाव, असं रनिंग असेल तर ते शहरी रनिंग. आणि शहरी रनिंग असलेल्या घराने एप्रिल २०२० नंतरची डिझेल एसयूव्ही फार विचार करून घ्यावी.

कारण असं. १ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारा बीएस-६ नियम लागू झाला आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ आलं. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली, धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल वापरून उष्णता वाढवते आणि काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालायला हवी. घर ते शाळा अडीच किलोमीटर, त्यात चार सिग्नल, अशा वापरात हे जळणं अर्धवट राहतं. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, गाडीची ताकद जाते आणि सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते. अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांतलं डिझेल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. म्हणून बीएस-६ डिझेल बघताना डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पाहा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी आधीच्या मालकाने शहरातच घुमवलेली आहे, मग तो कितीही “हायवे रनिंग आहे साहेब” म्हणो.

रनिंग हायवेचं असेल तर हीच गाडी बिनधास्त घ्या. म्हणजे चांगलं वर्ष कोणतं, हे थोडं आपल्या वापरावरही ठरतं.

मॉडेलची कुंडली मांडा

आता ज्या मॉडेलचा विचार करताय, त्याची वर्षं एका रेषेवर मांडा. गाडी बाजारात कधी आली, चेहरा कधी बदलला, इंजिन कधी बदललं, ऑटोमॅटिक कधी आलं, नवी पिढी कधी आली, बंद कधी झाली. जुने ब्रोशर आणि त्या काळातली परीक्षणं वाचली की संध्याकाळभरात हे काम होतं. ही रेषा समोर असली की पुढचे ठोकताळे लावता येतात.

पहिल्या वर्षाची गाडी टाळावी. कारखान्यात कितीही चाचण्या झाल्या तरी आपले खड्डे, आपला पाऊस, घाट आणि आपल्या लोकांचं ड्रायव्हिंग यांतून गेल्यावरच खोड्या बाहेर पडतात. कंपनी त्या ऐकते, पार्ट सुधारते आणि पुढच्या लॉटमध्ये बसवते. म्हणजे पहिल्या ग्राहकांनी सोसलेल्या त्रासाचा फायदा तिसऱ्या वर्षाच्या ग्राहकाला होतो. आपण जुनी गाडी घेतोय, तेव्हा तो तिसऱ्या वर्षाचा ग्राहक होण्याची संधी आपल्याकडे आयतीच आहे.

फेसलिफ्ट म्हटलं की आत काय बदललं ते बघा. नुसता बंपर, दिवे आणि स्क्रीन बदलली असेल आणि इंजिन-गिअरबॉक्स जुनाच असेल, तर ते वर्ष उलट चांगलं: मुरलेलं यंत्र, वर सुधारलेली सजावट. पण फेसलिफ्टसोबत नवं इंजिन किंवा नवा गिअरबॉक्स आला असेल, तर त्यापुरतं ते पुन्हा पहिलं वर्षच समजा.

आणि नवी पिढी येण्याआधीची दोन वर्षं. माझ्या मते जुन्या बाजारातला खरा माल इथे असतो. यंत्र सगळ्यात मुरलेलं, मेकॅनिकच्या हाताला सवयीचं, पार्ट सगळीकडे उपलब्ध. आणि नवा अवतार आल्यामुळे जुन्या चेहऱ्याची किंमत पडलेली. ज्यांना शेजाऱ्यांना दाखवायला नाही तर वापरायला गाडी हवी, त्यांनी आधी इथे शोधावं.

एक पूर्ण उदाहरण: एक्सयूव्ही ५००

ही गाडी उदाहरणाला घेतो, कारण सात माणसांचं कुटुंब आणि बेताचं बजेट असलं की तिचं नाव निघतंच. ती बनायची आपल्या चाकणला, आणि तिची वर्षं अगदी स्वच्छ वेगळी करता येतात.

सप्टेंबर २०११ मध्ये ती आली. महिंद्राची ही पहिलीच मोनोकॉक एसयूव्ही, म्हणजे स्कॉर्पिओसारखी वेगळी चासी नसलेली. २.२ लिटरचं १४० अश्वशक्तीचं एमहॉक डिझेल, पुढच्या चाकांना ताकद देणारी मांडणी, सहा गिअर, वरच्या मॉडेलला सहा एअरबॅग. कंपनीसाठी एवढं सगळं एकदम नवं होतं. त्यामुळे सुरुवातीच्या लॉटमध्ये इलेक्ट्रिकलच्या आणि सस्पेन्शनच्या बारीकसारीक तक्रारी बऱ्याच निघाल्या. २०११ ते २०१३ च्या गाड्या आज स्वस्त दिसतात, पण त्यांचं दुसरं गणितही बघा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. २०१२ ची गाडी घेतली तर ते संपत आलेलं असतं. मग फिटनेस तपासणी, पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे सगळं तुमच्या खिशातून. ही तीन वर्षं मी यादीतून काढून टाकतो.

मे २०१५ मध्ये फेसलिफ्ट आलं. सनरूफ, पुश बटण स्टार्ट, नवा चेहरा. इंजिन मात्र तेच १४० चं, तोपर्यंत पुरतं मुरलेलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये ऑटोमॅटिक आली. हा आयसिनचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या, खात्रीच्या पद्धतीचा गिअरबॉक्स. २०१६-१७ ची गाडी मला म्हणून आवडते. चौकशी एवढीच करायची की ऑटोमॅटिकचं ऑइल कधी बदललं. “त्याचं ऑइल बदलावं लागत नाही” असं उत्तर आलं, तर खर्चात ते काम धरून चाला.

इथे एक आडवळण. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरमध्ये २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंदी उठली. त्या मधल्या काळासाठी महिंद्राने जानेवारी २०१६ मध्ये १.९९ लिटरचं इंजिन आणलं. डिझेलवरच्या निर्बंधांमुळे दिल्लीच्या गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे स्वस्तात येत असतात. तेव्हा २०१६ ची दिल्ली पासिंग एक्सयूव्ही समोर आली तर आरसीवरचा सीसीचा रकाना वाचा. नेहमीच्या इंजिनला तिथे २१७९ असतं. वेगळा आकडा दिसला तर इंजिनचे पार्ट मागवताना मेकॅनिकला तो आवर्जून सांगावा लागेल.

एप्रिल २०१८ मध्ये दुसरं फेसलिफ्ट आलं, आणि या वेळी यंत्रही हललं: १४० चे १५५ अश्वशक्ती, ३३० चा टॉर्क ३६० न्यूटन मीटर, वेगळा टर्बो. वरच्या ठोकताळ्याने २०१८ चे पहिले काही महिने सोडून २०१८ अखेर ते २०१९ या गाड्या बघा. बजेट जमत असेल तर माझी पहिली पसंती हीच. २०२० मध्ये बीएस-६ झाली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० समोर आल्यावर हिचा जमाना संपला. २०२०-२१ च्या गाड्या वयाने तरुण आहेत खऱ्या, पण डीपीएफचा विषय वर सांगितला तो इथे लागू होतो.

म्हणजे एकाच नावाखाली निदान चार वेगवेगळ्या गाड्या निघाल्या. “एक्सयूव्ही कशी आहे?” या प्रश्नावर लोकांचं एकमत का होत नाही, ते यावरून कळेल.

क्रेटा आणि डस्टर, थोडक्यात

क्रेटा जुलै २०१५ ला आली: १.६ पेट्रोल, १.४ आणि १.६ डिझेल. मे २०१८ चं फेसलिफ्ट चेहऱ्यापुरतं होतं, इंजिनं तीच राहिली. त्यामुळे २०१८ चा उत्तरार्ध आणि २०१९ ही वर्षं ‘नवी पिढी येण्याआधीची दोन वर्षं’ या ठोकताळ्यात चपखल बसतात. मार्च २०२० ला दुसरी पिढी आली. पाया, इंजिनं सगळं नवं. आरसीवर १५८२ किंवा १५९१ सीसी असेल तर जुनी पिढी, १४९३ किंवा १४९७ असेल तर नवी. नव्या पिढीतल्या १.४ टर्बो पेट्रोलला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. चालवायला झकास. पण पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकणं आणि चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी थोपवून धरणं, या दोन्हींनी तो क्लच तापतो. आधीचा मालक कसा चालवायचा हे कळायला मार्ग नसतो, म्हणून पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला मी डीसीटीऐवजी साधी मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर घ्यायला सांगतो.

डस्टर जुलै २०१२ ची. खराब रस्त्यावर तिच्यासारखं सस्पेन्शन त्या किमतीत आजही सापडत नाही. १.५ डिझेल दोन ताकदीत येतं, ८५ आणि ११०. वापर शहर आणि गाव असा मिश्र असेल तर ८५ ची साधी, पाच गिअरची गाडी निभावून नेते. या इंजिनला टायमिंग बेल्ट असतो, चेन नव्हे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल बघा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करा. मार्च २०१६ च्या फेसलिफ्टनंतरच्या गाड्या बघाव्यात. बीएस-६ आल्यावर तिचं डिझेल बंद झालं, त्यामुळे डिझेल डस्टर म्हणजे एप्रिल २०२० च्या आधीचीच.

कायद्याने बदललेली वर्षं

काही तारखा सगळ्याच कंपन्यांना लागू होतात, आणि घरच्या माणसांच्या जिवाशी त्यांचा संबंध आहे. ऑक्टोबर २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना अपघात चाचणीचे नियम पाळणं बंधनकारक झालं. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि सीटबेल्टची सूचना सक्तीची. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या मॉडेलना सक्तीची व्हायला २०२२ उजाडलं. म्हणून २०१८ चं बेस मॉडेल आणि २०१८ चं टॉप मॉडेल यांच्यात नुसत्या अलॉय व्हीलचा फरक नसतो. जुन्या वर्षाची गाडी घ्यायचीच असेल तर वरचं मॉडेल घ्या, पण एअरबॅग सोडू नका.

मार्च २०२० ची पासिंगही एक खास गोष्ट आहे. ३१ मार्चनंतर बीएस-४ गाड्यांची नोंदणी होणार नव्हती, म्हणून त्या महिन्यात उरलेला स्टॉक घाईने पासिंग झाला. त्यांत डीपीएफची कटकट नसलेल्या, कमी वयाच्या डिझेल गाड्या सापडतात. शहरात डिझेलच हवी असा हट्ट असेल तर त्या शोधा. एप्रिल २०२३ ला बीएस-६ चा दुसरा टप्पा आला. पेट्रोल गाडी घेत असाल तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवली आहे का, हे मालकाच्या पुस्तकात किंवा पेट्रोलच्या झाकणावर बघून घ्या.

गाडीचं खरं वर्ष ओळखा

पासिंगचं वर्ष आणि बनल्याचं वर्ष एकच असेल असं नाही. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी शोरूममध्ये पडून राहते, डिस्काउंटवर मार्च-एप्रिलमध्ये विकली जाते, आणि जाहिरातीत मात्र पुढचं वर्ष झळकतं. जून २०१८ ची पासिंग असलेली एक्सयूव्ही जुन्या १४० च्या इंजिनाची निघू शकते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, एमपरिवहन ॲपवरही दिसतं. तेच खरं धरा.

चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. त्यात बहुतेक कंपन्या दहाव्या जागी वर्षाचं अक्षर घालतात: एफ म्हणजे २०१५, जी २०१६, एच २०१७, मग आय वगळून जे २०१८, के २०१९, एल २०२०. आरसीवरचा नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर अक्षर न अक्षर जुळवून बघा.

मग गाडीभोवती फिरा. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चाळीस हजार पळालेली म्हणून सांगितलेल्या गाडीला एकदा टायर बदलून झाले असतील तर मीटरची शंका घ्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीची खूण असते. एकच काच वेगळ्या कंपनीची दिसली तर ती का बदलली ते विचारा. पुढची काच दगडाने फुटते, ते समजू शकतं. मागच्या दाराची काच बदललेली असेल तर ते दार, खालचा पिलर आणि रबराखालचे वेल्डिंगचे ठिपके नीट बघा.

रिकॉल आणि तक्रारी कशा वाचायच्या

रिकॉल म्हणजे गाडी वाईट, असा अर्थ लावू नका. चूक मान्य करून कंपनीने फुकट दुरुस्ती दिली, एवढाच त्याचा अर्थ. पण रिकॉलमुळे नेमके महिने कळतात, आणि ते सोन्यासारखे उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ दरम्यान बनलेल्या मॅन्युअल एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन महिंद्राने क्लचच्या घरातलं रबरी बेलो तपासायला परत बोलावल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने १.५ पेट्रोल सीव्हीटीच्या (हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचाच एक प्रकार) ७,६९८ क्रेटा आणि व्हर्ना ऑइल पंपाच्या कंट्रोलरसाठी बोलावल्या. या गाड्या २०२३ च्या काही मोजक्या महिन्यांत बनलेल्या होत्या. पसंत पडलेली गाडी अशा काळातली असेल तर चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला विचारा, काम झालंय का. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकूनही हे कळतं. काम झालेलं असेल तर काळजी नाही. राहिलं असेल तर ते आधी करून घ्या, मग पैसे द्या.

मालकांच्या तक्रारी वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. जी गाडी जास्त विकली जाते तिच्या तक्रारीही जास्त दिसतात, त्यामुळे तक्रारींची संख्या मोजू नका, प्रकार बघा. स्क्रीन हँग होणं, आतून खुळखुळ येणं, पॉवर विंडो रुसणं, हे त्रासदायक आहे पण खर्चाने बेताचं. इंजिन ऑइल पिणं, गिअरबॉक्स झटके देणं, इंजेक्टर, टर्बो, स्टिअरिंग, ब्रेक, हे शब्द एकाच वर्षाच्या गाड्यांबाबत पुन्हापुन्हा आले तर ते वर्ष सोडा. आणि तक्रार किती किलोमीटरला आली ते वाचा. तीस हजाराला क्लच गेला तर तो चालवणाऱ्याचा दोष असू शकतो. वेगवेगळ्या गावच्या लोकांचा क्लच तीस हजारालाच जात असेल तर तो गाडीचा.

याहून चांगली माहिती हवी असेल तर स्पेअर पार्टच्या दुकानात जा. पुण्यात नाना पेठेत, किंवा तुमच्या शहरात जिथे पार्ट मिळतात तिथे, दुपारच्या निवांत वेळी विचारा की या गाडीचा कोणता पार्ट सगळ्यात जास्त खपतो आणि कोणता मागवावा लागतो. त्या माणसाला गाडी विकायची नसते. पुढचे लिंक रॉड आणि बुश रोज जातात म्हणाला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आपल्या रस्त्यांवर ते जाणारच. पण इंजिनचा एखादा पार्ट रोज जातो म्हणाला तर कोणत्या सालच्या गाडीला जातो, हे लगेच विचारून घ्या.

चांगल्या वर्षातलीही वाईट गाडी असते

वर्षाने फक्त यादी लहान होते. शेवटी आपण एक विशिष्ट गाडी घेणार असतो. तिच्यासाठी सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम असेल तर कोणीतरी ती आधीच तापवून ठेवली आहे, आणि थंड इंजिनची खोड तुम्हाला दिसू द्यायची नाहीये. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांचा आवाज ऐका, मागे जाऊन धूर बघा. निळसर धूर रेंगाळत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. मग इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण सैल करून तसंच ठेवा. थोडी वाफ येणं चालतं. झाकण उडायला लागलं, भकाभका वाफ आली, तर पिस्टन रिंग गेलेल्या असू शकतात.

आपल्याकडे आणखी एक तपासणी हवीच, पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. पाण्यात गेलेली गाडी धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही त्यावर मातकट आडवी रेघ दिसते, कितीही धुतलं तरी पट्ट्याच्या विणीत गाळ राहतो. सीट पुढे सरकवून खालचे रुळ बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, डॅशबोर्डच्या खालून कार्पेट उचलून वास घ्या. पाणी शिरलेली गाडी कितीही चांगल्या वर्षाची असो, ती घेऊ नका; तिचं वायरिंग पुढची कित्येक वर्षं पैसे खात राहतं. कोकण-गोव्यात वापरलेली गाडी असेल तर खालून गंजही बघा, त्यासाठी गाडी लिफ्टवर चढवावी लागते.

इन्शुरन्सची प्रत मागा आणि नो क्लेम बोनसचा टक्का वाचा. तो २० ने सुरू होऊन २५, ३५, ४५ असा चढत ५० पर्यंत जातो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. “एक ओरखडा नाही” म्हणणाऱ्या मालकाच्या सहा वर्षांच्या गाडीवर शून्य बोनस दिसला तर क्लेम कशाचा होता ते विचारा. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे तो तुम्हाला मिळणार नाही, हेही हिशेबात धरा.

टेस्ट ड्राइव्ह घरच्या सगळ्यांना बसवून घ्या. सातही जण बसल्यावर मागचं सस्पेन्शन टेकतं का, तिसऱ्या रांगेत एसी पोचतो का, आजींना चढता येतं का, हे एकट्याने चालवून कळत नाही. एखादा चढ शोधा, चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला पण वेग चढला नाही तर क्लच प्लेट संपत आली आहे. आणि सौदा पक्का करण्याआधी त्या कंपनीच्या गाड्या रोज हाताळणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊन दाखवा. एजंटच्या ओळखीचा मेकॅनिक नको.

कागद

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ चं एनओसी. बाहेरच्या पासिंगची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर इथलं रजिस्ट्रेशन आणि इथला टॅक्स भरावा लागतो. दिल्लीची “स्वस्त” गाडी हा टॅक्स धरून खरंच स्वस्त पडते का, ते आधी मोजा. जुनी ई-चलनं गाडीच्या नंबरवर बघून घ्या आणि ती भरून द्यायला मालकाला सांगा.

गाडी ताब्यात आल्यापासून १४ दिवसांच्या आत इन्शुरन्स आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज द्या. आरसी नावावर व्हायला वेळ लागतो म्हणून लोक हे मागे ठेवतात, आणि मधल्या काळात गाडीला काही झालं तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. एजंटकडे कागद सोपवले असतील तर आरटीओची पावती आणि अर्जाचा नंबर त्याच दिवशी मागून घ्या, आणि परिवहनच्या साइटवर अर्ज कुठवर आलाय ते स्वतः बघत राहा.